वडापाव मोजता, मग पडद्यावरचे तास का नाही?

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
निर्वाचन सदन, अशोक रोड,
नवी दिल्ली

विषय : प्रचारकाळात वृत्तवाहिन्यांनी कोणाला किती वेळ दिला, याची मोजणी करून ती जाहीर करण्याबाबत.

महोदय,

निवडणूक लागली की आमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पक्षांच्या प्रतिनिधींची बैठक बसते आणि दरपत्रक ठरतं. चहा केवढ्याला, वडापाव केवढ्याला, खुर्चीचं भाडं किती, मांडवाचा दर काय, ढोल-ताशाला किती, गाडीला दिवसाचे किती. पुढे सभा सुरू झाल्या की आपली माणसं कॅमेरा घेऊन मैदानात फिरतात, खुर्च्या मोजतात, आणि उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहायला स्वतःची वेगळी नोंदवही ठेवतात. लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख ही महाराष्ट्रातल्या उमेदवाराची खर्चमर्यादा. ती कशी वाकवली जाते हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे, तरीही मोजणी होते याचं मोल आहे. २०२४च्या लोकसभेला पहिल्या टप्प्याचं मतदान व्हायच्या आतच आयोगाने ४,६५० कोटींची रोकड, दारू, अमली पदार्थ आणि भेटवस्तू पकडल्याचं जाहीर केलं. आकडा समोर आला म्हणून त्यावर बोलता आलं.

मोजण्यात आयोगाचा हात धरणारं देशात दुसरं कोणी नाही. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे. प्रचारातली सगळ्यात महाग वस्तू आपल्या कोणत्याच वहीत नाही. ती म्हणजे वृत्तवाहिन्यांवरचा वेळ.

उमेदवाराने वाहिनीवर दहा सेकंदांची जाहिरात दिली, तर ती आधी माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडून तपासून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या आदेशापासून हा नियम आहे. जाहिरातीचा खर्चही खात्यावर चढतो. त्याच वाहिनीने त्याच संध्याकाळी एका नेत्याची तासाभराची सभा पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या घोषणेपर्यंत थेट दाखवली, तर वहीत शून्य. सभा ही बातमी आहे, ती दाखवायला हरकत असण्याचं कारण नाही. पण एका पक्षाचा नेता तासभर अखंड दिसत असेल आणि दुसऱ्याच्या सभेचा वीस सेकंदांचा तुकडा अँकरच्या आवाजाखाली दाबला जात असेल, तर त्याचीही नोंद कुठे तरी व्हायला हवी. ती आज होत नाही.

एक उदाहरण आमच्या नाशिक जिल्ह्यातलं देतो. १५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. पिंपळगाव म्हणजे कांद्याचं गाव. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. ती उठली ४ मे २०२४ रोजी, दिंडोरी आणि नाशिकचं मतदान जेमतेम पंधरवड्यावर असताना, आणि तीही टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यातमूल्य व ४० टक्के शुल्क लावून. सभेत भाषण रंगात आलं असताना गर्दीतून एक तरुण ओरडला की कांद्यावर बोला. क्षणभर व्यासपीठ थबकलं, घोषणा झाल्या, भाषण पुढे सरकलं. निकालात दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या.

मला इथे कांद्यामुळे कोण जिंकलं आणि कोण हरलं याचं गणित मांडायचं नाही. प्रश्न साधा आहे. त्या डिसेंबरपासून मेपर्यंत कोणत्या वाहिनीने लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समितीतून किती मिनिटं दाखवली, आणि किती तास व्यासपीठावरून दाखवले? उत्तर कोणाकडेच नाही. वाहिनीचा संपादक म्हणेल आम्ही कांदा भरपूर दाखवला, प्रेक्षक म्हणेल कुठे दाखवलात, आणि दोघेही आपापल्या आठवणीवर भांडत राहतील.

हे असं का होतं, याची कारणं सगळीच विचारसरणीत शोधण्यात अर्थ नाही. बरीच कारणं पैशाची आहेत. मोठ्या सभेचं चित्रण बऱ्याचदा पक्षाचीच यंत्रणा करते. अनेक कॅमेरे, गर्दीवरून फिरणारी क्रेन, टाळ्या नेमक्या टिपणारा कट, असं सगळं तयार फीड वाहिनीला फुकट मिळतं. न्यूजरूममधल्या माणसाने फक्त ते घ्यायचं. याउलट निफाड तालुक्यात ओबी व्हॅन पाठवायची तर डिझेल, माणसं, वेळ आणि नंतर जाहिरातदाराची नाराजी. त्या जाहिरातदारांत सरकारही असतं, आणि मोठं असतं. आचारसंहिता लागेपर्यंत योजनांच्या जाहिरातींनी पडदा भरलेला असतो. ती लागल्यावर त्या थांबतात, पण ज्याने काल पैसे दिले आणि उद्या पुन्हा देणार आहे, त्याला आज किती टोचायचं हे वाहिनीच्या मालकाला कोणी शिकवावं लागत नाही. ज्याच्याकडे सत्ता, पैसा आणि यंत्रणा त्याचं फीड चांगलं, आणि ज्याचं फीड चांगलं त्याचा वेळ जास्त. एवढा सरळ हा व्यवहार आहे.

मराठी वाहिन्यांवर याला आणखी एक सवय चिकटली आहे. सकाळी एका नेत्याची पत्रकार परिषद, तिला दुपारी दुसऱ्याचं उत्तर, संध्याकाळी त्या उत्तरावर पॅनेल, आणि रात्री पॅनेलमध्ये कोण कोणाला काय म्हणालं याचं ब्रेकिंग. सकाळच्या या प्रकाराला विरोधकांनी ‘भोंगा’ असं नाव पाडलं, आणि त्या नावावरही एक दिवस चर्चा झाली असेल. हा झुकाव नेहमी सत्तेच्या बाजूचाच असतो असं नाही. तो मोठ्या आवाजाच्या बाजूचा असतो. २०२४च्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. महिनाभर पडद्यावर दहा-बाराच चेहरे आळीपाळीने फिरत राहिले. आपल्या मतदारसंघात कोण उभं आहे, त्याने मागच्या पाच वर्षांत काय केलं, हे वाहिनीवरून कळलं असं सांगणारा मतदार मला भेटलेला नाही.

महोदय, ही तक्रार कोणा एका पक्षाविरुद्ध आहे असं समजू नका. पडद्याचा इतिहास त्या समजाला जागा देत नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती, त्या संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ हा चित्रपट लावला. लोकांनी घरी बसावं हा हेतू होता, आणि लोक तरीही मैदानावर गेले. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनला ‘राजीव दर्शन’ म्हणून हिणवलं गेलं. एप्रिल २०१४ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकार असताना दूरदर्शनने नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतले काही भाग कापले, आणि प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांना ते मान्य करावं लागलं. २०१९ मध्ये चित्र उलटं झालं. मतदानाच्या तोंडावर ‘नमो टीव्ही’ नावाची वाहिनी डीटीएचवर उगवली आणि निवडणूक संपताच मावळली. २०२४ मध्ये प्रसार भारतीने माकपचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या प्रचारभाषणांतून ‘मुस्लिम’ आणि ‘हुकूमशाही राजवट’ यांसारखे शब्द काढायला लावले, आणि त्यासाठी आयोगाच्याच मार्गदर्शक सूचनांचा आधार सांगितला. खुर्चीवरचे बदलले, कात्री तीच राहिली. त्यामुळे मी जे मागतो आहे त्याचा फायदा आज ज्याला होईल, त्याला उद्या त्याचाच त्रास होईल. तसं होणं हाच नियम चांगला असल्याचा पुरावा समजावा.

आजवर आयोगाने या रोगावर जे औषध वापरलं ते ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन दिलेल्या बातम्या, शोधण्याचं. ते का चाललं नाही, हे महाराष्ट्राइतकं कोणाला ठाऊक नसेल. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याबद्दल वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दशः सारखा मजकूर छापून आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांनी निवडणूक खर्चाचा हिशेब नीट दिला नाही असा निष्कर्ष काढला, आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मध्य प्रदेशातले मंत्री नरोत्तम मिश्रा यांना आयोगाने २०१७ मध्ये याच कारणावरून अपात्र ठरवलं, तोही आदेश दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. यात कोण दोषी होतं याचा निवाडा मी करणार नाही. अडचण पाहा. पैसे दिले-घेतले हे सिद्ध करायचं, तर पावती हवी, आणि पावती कोणी फाडत नाही. शिवाय वाहिनीने पैसे न घेताच, मालकाच्या कलाने किंवा फुकटच्या फीडच्या मोहाने एका बाजूला माप झुकतं दिलं, तर तो ‘पेड न्यूज’ ठरतच नाही. हेतू सिद्ध करायच्या मागे लागलो की आपण हरतो.

म्हणून म्हणतो, हेतू सोडा आणि माप घ्या. बाजार समितीत शेतकरी व्यापाऱ्याच्या मनात काय आहे यावर वाद घालत बसत नाही. काटा समोर ठेवा म्हणतो. तसा काटा वृत्तवाहिन्यांसाठी उभा करणं आयोगाच्या हातात आहे, आणि त्याचं निम्मं सामान आपल्याकडे आधीच पडून आहे.

जिल्ह्या-जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या आहेत. त्या संशयित ‘पेड न्यूज’ शोधण्यासाठी वाहिन्या पाहतातच. राज्य पातळीवर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी प्रमुख वाहिन्यांच्या चोवीस तासांची नोंद चार रकान्यांत ठेवावी. पहिला, भाषणाचं थेट प्रक्षेपण, पक्षनिहाय. दुसरा, नेत्यांच्या मुलाखती, आणि त्यात समोरून प्रतिप्रश्न आले की नाहीत. तिसरा, चर्चांमध्ये कोणत्या पक्षाच्या प्रवक्त्याला किती वेळ बोलू दिलं. चौथा, वार्ताहराने जागेवर जाऊन केलेला वृत्तांत, ज्यात नेत्याचा नव्हे तर मतदारसंघातल्या प्रश्नाचा विषय असेल. दर आठवड्याला हे आकडे संकेतस्थळावर टाकावेत. दंड नको, बंदी नको, नोटीसही नको. आकडे पुरेत.

हे अशक्य नाही. २०१४च्या लोकसभेला दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने पाच राष्ट्रीय वाहिन्यांच्या रात्री आठ ते दहाच्या बातम्या मोजल्या होत्या. नरेंद्र मोदींना सुमारे एक तृतीयांश वेळ मिळाला होता आणि राहुल गांधींना पाच टक्क्यांहूनही कमी. एका खासगी संस्थेला जे तेव्हा जमलं, ते एका टप्प्यात २८८ मतदारसंघांचं मतदान घेणाऱ्या आयोगाला जमू नये?

फ्रान्समध्ये हे काम सरकारी नियामकच करतो. तिथली आर्कोम ही संस्था राजकारण्यांचा बोलण्याचा वेळ मोजून जाहीर करते. २०२२च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या फेरीआधीच्या दोन आठवड्यांच्या अधिकृत प्रचारात १२ उमेदवार होते, आणि प्रत्येकाला समान वेळ देणं वाहिन्यांना बंधनकारक होतं. छोट्या उमेदवाराचा वेळ मध्यरात्रीनंतर उरकून टाकण्याची सोयही ठेवलेली नाही. तुलना होईल अशा वेळेला तो द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये मतदान सुरू झालं की निवडणुकीच्या मुद्द्यांवरची चर्चा वाहिन्यांनी थांबवायची असते. २०२४ मध्ये जीबी न्यूज या वाहिनीने तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना प्रेक्षकांसमोर तासभर बसवलं आणि त्यांच्या उत्तरांना पुरेसा प्रतिवाद होऊ दिला नाही. ऑफकॉम या नियामकाने त्याबद्दल एक लाख पौंडांचा दंड लावला, आणि वाहिनीने त्याविरुद्ध न्यायालयात जाण्याची भूमिका घेतली. आपल्याकडे वाहिन्यांनी स्वतःच नेमलेल्या नियंत्रकाचा जास्तीत जास्त दंड २०२३ मध्ये एक लाख रुपये होता. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेच ही रक्कम कोणाला धाक बसवण्याजोगी नसल्याचं सुनावलं होतं.

फ्रान्सची नक्कल करा असं माझं म्हणणं नाही. शेकडो पक्ष आणि हजारो उमेदवारांच्या देशात घड्याळ लावून समान वेळ वाटणं हास्यास्पद होईल. देशाच्या पंतप्रधानांना एखाद्या अपक्षापेक्षा जास्त वेळ मिळणारच, आणि खरं आणि खोटं यांना निम्मा-निम्मा वेळ देणं म्हणजे निःपक्षपातीपणाही नाही. कोणाला किती द्यायचा हे वाहिनीनेच ठरवावं. किती दिला, हे मात्र झाकून राहू नये. यात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो असं कोणी म्हणेल, तर त्याला विचारावं की जाहीरपणे दाखवलेल्या गोष्टीची बेरीज केल्याने कोणाचं तोंड दाबलं जातं?

या मोजणीचा एक फायदा कोणी बोलून दाखवत नाही. न्यूजरूममध्ये चांगली माणसं आहेत. जिल्ह्याजिल्ह्यात बातमीमागे तुटपुंज्या पैशांवर राबणारे स्ट्रिंगर आहेत. सोयाबीनचा भाव पडला, टँकर आला नाही, एसटी बंद पडली, हे ते रोज पाठवतात आणि रोज ते संध्याकाळच्या सभेखाली गाडलं जातं. चौथ्या रकान्याचा आकडा दर आठवड्याला लोकांसमोर येऊ लागला, तर प्रामाणिक संपादकाला मालकाच्या दालनात ठेवायला एक कागद मिळेल. त्याच्या शब्दाला जे वजन नाही, ते त्या कागदाला असेल.

कायद्याने हे करता येईल का, असं आपण विचाराल. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ मध्ये कलम ३९अ घातलं गेलं. मान्यताप्राप्त पक्षांना मागच्या कामगिरीच्या आधारे केबल दूरचित्रवाणी आणि इतर इलेक्ट्रॉनिक माध्यमांवर न्याय्य वेळवाटप करण्याची जबाबदारी त्याने आयोगावर टाकली. त्यात ‘केबल’ असं स्पष्ट म्हटलं असूनही वेळवाटप आजवर दूरदर्शन आणि आकाशवाणीपुरतंच राहिलं. ज्या पडद्यासमोर मतदार बसतो, त्या पडद्यापर्यंत ते पोहोचलंच नाही. त्यासाठी नियम करायचे तर ते सरकारने करावे लागतील. आयोगाने ते जाहीरपणे मागावेत. मोजणीसाठी मात्र सरकारची वाट पाहायची गरज नाही. संविधानाच्या कलम ३२४ने दिलेले अधिकार किती व्यापक आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल खटल्यात सांगून ठेवलं आहे. कायदा जिथे गप्प असतो तिथे आयोगाने हात बांधून बसायचं नसतं.

आणि निदान शेवटचे अठ्ठेचाळीस तास तरी मोजा. कलम १२६ म्हणतं की त्या काळात दूरचित्रवाणीवर निवडणुकीचा प्रचार नको. पण ते फक्त ज्या मतदारसंघात मतदान आहे तिथपुरतं. टप्प्याटप्प्याच्या निवडणुकीत एका राज्यात शांतता आणि शेजारच्या राज्यात सभा असते, आणि वाहिनी दोन्हीकडे एकच दिसते. मे २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्याचा प्रचार संपल्यावर पंतप्रधान ध्यानाला बसलेली केदारनाथची गुहा दिसली, मे २०२४ मध्ये कन्याकुमारीचं विवेकानंद स्मारक. भाषण नव्हतं, पण तासन् तास चित्र होतं. आमच्याकडे एकाच टप्प्यात मतदान होतं तेव्हाही शांतता टिकली नाही. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या हॉटेलात भाजपचे नेते विनोद तावडे यांनी पैसे वाटल्याचा आरोप झाला. त्याच रात्री भाजपने विरोधी आघाडीच्या सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्यावर बिटकॉइनचे पैसे निवडणुकीत वापरल्याचा आरोप करत ध्वनिफिती ऐकवल्या. तिघांनीही आरोप नाकारले. मतदार केंद्रावर रांग लावेपर्यंत वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं. खरं काय, खोटं काय हे तपासायला ज्याला वेळच उरलेला नाही, अशा मतदाराच्या कानावर दोन्ही बाजूंनी हे आदळत होतं. त्या दीड दिवसात कोणत्या वाहिनीने कोणता आरोप किती तास चालवला आणि त्यावरचा खुलासा किती मिनिटं, एवढं जरी जाहीर झालं असतं, तरी पुढच्या वेळी काही हात आखडले गेले असते.

पडदा निवडणूक जिंकून देतो, असं मला वाटत नाही. १ जून २०२४च्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांपैकी एकीने सत्ताधारी आघाडीला ४०१पर्यंत जागा देऊ केल्या होत्या, आल्या २९३. महाराष्ट्रात ४८ पैकी महायुतीला १७ मिळाल्या, आणि पाचच महिन्यांनी विधानसभेत त्याच महायुतीने विरोधकांना भुईसपाट केलं. मतदार पडद्याच्या मुठीत नाही, हे त्याने दोनदा दाखवलं. पण तो शहाणा आहे म्हणून त्याला अर्धवट माहितीवर सोडून द्यावं, असा त्याचा अर्थ होत नाही.

निवडणुकीची घोषणा करताना आयोग पत्रकार परिषद घेतो. मतदार किती, केंद्रं किती, यंत्रं किती, सगळं आकड्यांत सांगतो. पुढच्या वेळी त्यात एक वाक्य वाढवा. प्रचारकाळात प्रमुख वृत्तवाहिन्यांवरचा राजकीय वेळ मोजला जाईल आणि दर आठवड्याला जाहीर होईल, एवढंच. वाहिनी पक्षपाती आहे की नाही, ते आपण ठरवू नका. आकडे द्या, ते आम्ही ठरवू.

आपला,
महाराष्ट्रातला एक मतदार